घर्षण नगण्य मानावे

सातवं उदाहरण.
गुळगुळीत उतारावरून एक ठोकळा घसरतो.
घर्षण नगण्य मानावे. त्वरण काढा.

मी त्रिकोण काढते, त्यावर तिरका बसलेला चौकोन,
चौकोनाच्या पोटातून सरळ खाली एक बाण: वजन.
आमच्या घरात जमिनीवर पेन्सिल ठेवली
तरी ती दाराकडे घरंगळते.
मोंतेत सपाट असं काही नाहीच.
केळीसुद्धा इथे पायऱ्या-पायऱ्यांनी उभ्या.

बाबा मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसलेत,
पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
गवती हॅट खुंटीला.
आज नऊ फेऱ्या.
वेताची घसरगाडी, चरबी चोळलेल्या लाकडी पट्ट्यांवर,
मागे बाबा आणि झेफेरिनो दोर धरून,
पुढे गादीवर बसून किंचाळणारे पाहुणे.
इंजिन नाही. ब्रेकही नाही.
ब्रेक म्हणजे बूट,
बुटांना तळवे जुन्या टायरचे.

“काय वाचतेस, लुसिंदा?”
मी मोठ्यानं वाचलं.
“नगण्य? कुणी मानलं नगण्य?”
“पुस्तकानं.”
“त्या पुस्तकाला म्हणावं,
लिव्रामेंतूच्या वळणावर ये एकदा,
रस्ता ओला असताना.”

मग आठवं. यात घर्षण आहे.
उतार दहा अंश, वेग कायम. घर्षणगुणांक काढा.
हे मला येतं.
वेग कायम, म्हणजे बलांची बेरीज शून्य,
खाली ओढणारं आणि धरून ठेवणारं तंतोतंत सारखं.
दोन्हीकडे वस्तुमान, दोन्हीकडे जी,
पेन्सिलीच्या दोन तिरप्या रेघा, गेले.
उरला नुसता कोन.
“बघा बाबा, वजनाचा संबंधच नाही!
पोर बसलं काय नि हत्ती बसला काय.”

बाबांनी पाय पाण्यातून काढले,
ओल्या पावलांनी जाऊन एक बूट आणला
आणि माझ्या वहीवर ठेवला.
उत्तराच्या नेमका वर.
टाच एका बाजूनं खाल्लेली, आतला दोरा दिसतोय.
“मंगळवारचा. मंगळवारी बंदरात जहाज होतं,
एकेक पाहुणा दारूच्या पिंपाएवढा.
संबंध नाही म्हणतेस?”

मी बूट बाजूला केला. पानावर काळा डाग.
आकृतीकडे पुन्हा पाहिलं.
पिंपं बसली की उतार जास्त ओढतो,
पट्ट्याही जास्त घासतात,
पण बाबा?
बाबा सोमवारी अडुसष्ट किलो, मंगळवारीही अडुसष्ट.
ते चौकोनाच्या आत नाहीतच.
ते मागे आहेत.

मग मी एक जादा बाण काढला, उताराच्या वरच्या दिशेनं,
पुस्तकात नसलेला.
नाव दिलं ब.
बल म्हणून, की बूट म्हणून, विचारू नका.
आता वस्तुमान खोडता येईना,
ते जाऊन बसलं ब च्या मानगुटीवर.

“मग किती येतो हा ब?”
बाबा वहीवर वाकले. पाठीतून कळ गेली असावी, कण्हले.
गाडी आणि पाहुणे मिळून दोनशे वीस किलो धरले,
चरबीच्या पट्ट्यांचा गुणांक अंदाजे एक दशांश,
साइन, कॉस, वजाबाकी,
दोघांत वाटणी.
“तुमच्या वाट्याला एक्क्याऐंशी न्यूटन.”
“न्यूटन म्हणजे?”
“आपलं एक छोटं केळं हातावर ठेवलं, की होतो एक.”
“म्हणजे एक्क्याऐंशी केळी?”
“हो.”
“एवढंच?”

बाबांचा चेहरा पडला.
सत्तावीस वर्षं त्यांना वाटत होतं
आपण डोंगर धरतो.
मी बेरजा पुन्हा तपासल्या. बरोबर होत्या.
“पण सतत ना, बाबा,” मी म्हटलं, “दोन किलोमीटर, न सोडता.
बल गुणिले अंतर, ते वेगळंच निघतं.
त्याला कार्य म्हणतात.”
“मग ते काढ.”
“तो धडा अजून घेतला नाही बाईंनी.”

बाबांनी पाणी बाहेर ओतलं.
उतारावरून ते जाताना
आम्ही दोघं बघत राहिलो,
कुठे अडतं ते.